गोल आणि चौकोन

बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन,
ज्याला झाला तो काळा करायचा.
डॉक्टर बुशरा पेन्सिलीनं माझं घराणं काढतात
रुवीतल्या तिसऱ्या मजल्यावर, एसी अठरावर.

आधी आईकडचं. आई, मावश्या, आजी:
सगळे गोल पांढरे.
मी म्हटलं, झालं तर मग.
त्या म्हणाल्या, आता वडिलांकडचं.

वडिलांकडचं कोण विचारतं असल्या गोष्टीत?
मंदा आत्या, बेचाळिसाव्या वर्षी.
घरात म्हणायचे "गाठ होती", आणि लगेच
काजूचा भाव काढायचे.
चंपू आत्याचं अंडाशय. त्याला तर नावही नव्हतं,
"पोट वाढलं आणि गेली" एवढंच.
दोन गोल काळे. शेजारी तुमचा चौकोन, अण्णा,
कोरा,
आणि त्यातून निघालेली रेघ
सरळ माझ्यावर येऊन थांबलेली.

एकोणतीस वर्षं मत्रा बंदरात क्रेन चालवलीत.
दर दोन वर्षांनी वेंगुर्ल्याला यायचात
दोरीनं आवळलेलं खोकं घेऊन, वर मार्करनं ठळक नाव.
टँग, निडो, टायगर बाम,
मला जपानी कंपासपेटी,
बटण दाबलं की शार्पनर बाहेर यायचा.
कस्टमवाल्यांनी सगळं उलटंपालटं केलं तरी
हे एक कुणाला सापडलं नाही.
तुम्हालाही.

फोनवर म्हणालात, "आपल्याकडे असलं काही नाही.
तिथलं पाणी, ते डबाबंद खाणं..."
मग बराच वेळ नुसता तुमच्या पंख्याचा आवाज.
मग, "म्हणजे मीच दिलं?"

नाणं उडतं, अण्णा. दर मुलामागे एकदा.
सुजूच्या वेळी छापा, माझ्या वेळी काटा.
तुमचा हातही लागला नाही त्याला.
आणि जनुक आलं म्हणजे आजार आलाच, असंही नाही.
दार लोटलेलं होतं, आतून कडी नव्हती,
इतकंच.

केमोच्या खुर्चीत शेजारी लिसम्मा बसते.
इब्रीला नर्स. तीन मुलं अंगावर पाजलेली,
रोज पहाटे चालणारी.
तिच्या कागदावर एकही काळा गोल नाही,
रक्तातही काही निघालं नाही.
बहुतेकींचं असंच, बुशरा सांगतात,
तुमच्यासारख्या शंभरात पाच, फार तर दहा.
"मग मला का?" लिसम्मा विचारते.
बाई आहेस. वय झालं. बाकीचं पुष्कळसं
आम्हालाच ठाऊक नाही.
हे उत्तर त्या इंग्रजीत देतात, अरबीत पुटपुटतात,
मी मनात मराठीत करून बघते.
कुठेच हलकं होत नाही.

ईरा नऊ वर्षांची. माझ्या खाली तिचा गोल, रुपयाएवढा.
तिची तपासणी आत्ता नाही. मोठी झाली की
तिची ती ठरवेल.
घरी तिनं तो कागद पाहिला, म्हणाली,
आजोबांचा चौकोन रिकामा का?
आणि स्केचपेनानं त्याला डोळे काढले, मिशी काढली,
डोक्यावर एक पिवळी क्रेन.

पुढच्या खेपेला बुशरा बराच वेळ बघत राहिल्या.
मग तसाच फायलीला लावला.