हिट

हिंगण्याच्या बंद कारखान्यात
उसनी बंदूक, उसना गॉगल,
काचेवर माझाच श्वास दाटलेला.
"आधी डोळे सांभाळ," मोटघरे म्हणाला,
"बाकी सगळं मंग."

पहिली फेरी गंजक्या ड्रमामागे गेली.
दुसरीत नेमका टिपला
तो बाभळीचा बुंधा.

तिसरीत पाठीवर टिच्.
तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी.
कोणी पाहिलं नाही,
मारणाराही भलतीकडेच बघत होता.

इथं पंच नसतो.
लागलं की आपणच ओरडायचं.

बढती हुकली तेव्हा
सावजीच्या टेबलावर
त्याच्याच पैशाचं मटण खाल्लं होतं मी,
तिखटानं डोळे आले म्हणत.

बेचाळीस डिग्रीत, चव्वेचाळिसाव्या वर्षी
हात वर केला:
"हिट!"
पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"काहून एवढ्या जोरात, भाऊ?"