दोन चादरी, एक बादली, एक कुलूप

यादीत लिहिलंय:
चादरी दोन, बादली एक, झाकणासकट,
कुलूप एक, किल्ल्या दोन.
कुलूप पेएलोनं आणलं सेमोनकाँगच्या दुकानातून,
घोड्यावरून, येऊन-जाऊन दोन दिवस मोडून,
आणि वाटेत एक किल्ली हरवून.
"दुसरी कशाला लागते," म्हणाला,
"तू काय दोन आहेस?"

सगळं बादलीतच बसवायचा आईचा हट्ट.
तळाला वाळवलेले पीच, त्यावर मक्याचं पीठ,
पिठाच्या पिशवीवर साबण, साबणाला जुना मोजा,
म्हणजे पिठाला वास लागायला नको.
मी म्हणते, मग पाणी कशात भरू तिकडे?
ती म्हणते, आधी खाऊन संपव. मग भर.

शेळ्या तीन विकल्या.
चौथी, जिची लोकर सगळ्यात लांब,
तिला आई बाजारापर्यंत घेऊन गेली
आणि दोरीसकट परत घेऊन आली.
का, ते आम्ही विचारलं नाही.
फीची पावती बायबलमध्ये आहे,
रोज रात्री एकदा काढून बघतो, आकडा तोच असतो.

फॉर्म मात्र अर्धाच.
मेणबत्ती जवळ ओढून मी भरत जाते.
विद्यार्थिनीचं नाव. गाव. जिल्हा.
वडील: हयात की मयत.
मयतवर खूण केली, खाणीनं पाठवलेला कागद जोडला.
आईचं नाव.
मी लिहिलं, मादिम्फो.
दिम्फोची आई. म्हणजे माझी.
ती मागे उभी होती, कणकेच्या हातांनी.
"ते नाव नव्हे," म्हणाली.

लग्न होऊन आली त्या सकाळी
सासूनं अंगावर ब्लँकेट घातलं, खांद्याशी पिन लावली
आणि हाक मारली: मादिम्फो!
तेव्हा मी नव्हते.
पुढं चार वर्षं नव्हते.
चार वर्षं ती माझ्या नावाला ओ देत राहिली,
झऱ्यावर, कणसं सोलताना, चर्चच्या दारात,
पोटात काही टिकलं नाही
त्या दोन हिवाळ्यांतसुद्धा.
गाव रोज मला हाक मारायचं
आणि वळून बघायची ती.

हे सगळं तिनं मळता मळता सांगितलं,
मधेच, मीठ कुठं ठेवलंस, असंही विचारलं.

"मग आधीचं?"
तिनं हात धुतले. पुसले. पुन्हा पुसले.
पेन घेतलं, टोक उजेडात धरून पाहिलं
आणि मी खोडलेल्या शब्दाशेजारी लिहू लागली.
चौकट पुरली नाही. शेवटची दोन अक्षरं
"फक्त कार्यालयीन वापरासाठी" मध्ये गेली.
केनेइलवे.
"सातवीला फळ्यावर होतं," म्हणाली, "सगळ्यांच्या वर.
मास्तरांनी पहिलंच अक्षर चुकवलं होतं.
मी उठून दुरुस्त केलं."
मग कणीक झाकली, आणि त्या रात्री
ब्रेड थोडा जास्तच फुगला, की मला वाटलं.

ऑगस्ट संपत आलाय.
डोंगरमाथ्यावर बर्फ अजून, खाली पीचला फुलं,
पान एकही नाही.
रस्त्यापर्यंत घोडा, घोड्यावर बादली,
मागं आम्ही तिघं, कुणी फारसं न बोलता.
सामानावर नाव घालावं, असंही यादीत होतं.
मी झाकणावर जाड पेननं घातलं रात्रीच,
कुणाला न दाखवता.

मिनीबस आली, रोमा, रोमा, मासेरू, ओरडत.
कंडक्टरनं बादली उचलली, झाकण वाचलं.
"केनेइलवे कोण? बादली कुणाची ही?"
आईनं मागे वळून पाहिलं,
तिच्या पाठीशी कुणी उभं आहे का.
पाठीशी घोडा होता फक्त.
मग हात वर केला, खांद्याइतका.
"माझी," म्हणाली.
"मग चढा की बाई, लवकर!"

चढले मी.