आर.सी. बुकात नसलेली

धुळ्याच्या आर.टी.ओ.समोर लिंबाखाली
टेबल, छत्री, स्टॅम्प पॅड, डिंकाची बाटली.
बावीस वर्षं हेच माझं ऑफिस.
चेसिसवर कागद धरायचा, पेन्सिल आडवी घासायची,
आकडे आपसूक वर येतात.
हजारो गाड्यांचे ठसे घेतले,
एकीलाही विचारलं नाही, बाई, तू कुणाकुणाची.

मग ही घेतली, लोखंडाच्या भावात.
डॉज, सदुसष्टची, दोनच दारं,
आणि नाक एवढं लांब
की बॉनेट चौकात पोचतं तेव्हा मी अजून गल्लीत.
बायको म्हणाली, पाणी साठवायचं का हिच्यात?

बुकाला वाळवी. उरल्या पानांवर चार नावं.

पुरुषोत्तमदास, अमळनेर, जिनिंग प्रेस.
कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातून आणलेली.
शेठ कधी चालवायचे नाहीत, नातू म्हणाला,
बाजूला बसून वहीत मांडायचे, किती मैल, किती गॅलन.
वहीच्या शेवटच्या पानावर एवढंच:
हिची तहान आपल्याला झेपणारी नाही.

डेन्झिल हार्वे, भुसावळ, लोको शेडचा फोरमन.
रविवारी चर्च सुटलं की
वरणगावच्या रस्त्याला मेलगाडीला हरवायचा
आणि सोमवारी त्याच इंजिनाला तेल घालताना
हळूच सॉरी म्हणायचा.
हे सांगणारा म्हातारा फिटर स्वतःही सॉरी म्हणाला,
कुणाला ते कळलं नाही.

डिगंबर टोपलू भंगाळे, रावेर. केळी.
पेट्रोल भडकलं त्या वर्षी गाडी गोठ्यात गेली.
म्हशी आधी बुजल्या,
मग तिच्याच बंपरला अंग घासू लागल्या.
बंपरची ती बाजू अजून चकचकीत आहे.

मुनाफ बँडवाला, नंदुरबार.
त्याच्या हिशेबाने तीनशे अकरा नवरदेव.
एक तसाच परत आला, नवरीशिवाय.
त्याचं भाडं घेतलं नाही, मुनाफ म्हणाला.
आणि इंजिन?
आली तेव्हाच पोटात मॅटेडोरचं डिझेल होतं, भाई.
धुगधुग चालायची, वरातीला बरंच ते.

म्हणजे बुकात नंबर आहे
आणि त्या नंबराचं इंजिन गाडीत नाही.

पुन्हा रावेर. भंगाळ्यांचा मुलगा
बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला.
रतनसिंगला विचारा, म्हणाला. आमचा ड्रायव्हर.
ड्रायव्हरसाठी बुकात रकाना नसतो.

दोंडाईचा. मार्केट यार्डामागे, मार्चातली दुपार.
वाळत घातलेल्या मिरच्यांनी रस्ता निम्मा उरलेला.
शिंकत शिंकत जात होतो
आणि शेड दिसायच्या आधी ते ऐकू आलं.
डंख कुटत होते,
आठातले पाच सिलिंडर चालत होते,
तीन नुसते सोबतीला.

जतनबाई गिरासे. कोपरापर्यंत लाल हात.
रतनसिंग जाऊन अकरा वर्षं.
नऊ महिन्यांचा पगार थकला होता.
मालक म्हणाले, गोठ्यातलं काय पाहिजे ते ने.
मी म्हटलं होतं म्हैस आण, ती म्हणाली,
तर ह्यांनी हे आणलं बैलगाडीत घालून,
रात्री उठून उठून बघायचे.

मी रक्कम सांगितली. मग वाढवून सांगितली.
तिने इंजिन बंद केलं.
डंख जिथल्या तिथे उभे राहिले,
रांगेतल्या बाया आपापली पाटी धरून माझ्याकडे बघू लागल्या.
"गाडी त्यासनी व्हती, भाऊ," ती म्हणाली.
"आवाज आमना शे."
आणि पुन्हा सुरू केलं.

मला एकच काम येतं.
ब्लॉक पोळत होता, फडकं गुंडाळून कागद दाबला,
पेन्सिल आडवी घासली.
तिखटाच्या पुडीतून एकेक आकडा वर आला.
मधला एक गंजलेला, बाकीचे जुळले.

ठसा बुकात ठेवलाय, चार नावांच्या पुढे.
त्याला शिक्का नाही, फी नाही, फॉर्म नाही.
बुक उघडलं की शिंक येते.

निघताना तिने अर्धा किलो मिरची बांधून दिली.
पैसे मोजून घेतले.