एका ओळीत

पहिल्या हिवाळ्यात मी तो शब्दच गिळला.
लेव्हिनला अजून अक्षरं येत नव्हती.
माझं बोट ओळीवरून सरकायचं, आणि
जिथे 'सावत्र आई' असेल तिथे मी वाचायचे:
'त्या वर्षीची गारपीट म्हणाली,
पोरांना रानात सोडून या.'
कधी गारपीट, कधी जकातदार,
एकदा नुसतंच 'कुणीतरी'.
त्याला काही खटकलं नाही.
लांडगे बोलतात, तर गारा का नाही बोलणार?

शेजारच्या खोलीत हेनिंग घोरत असायचा.
त्याचा बापही लाकूडतोड्याच,
फक्त हातात कुऱ्हाड नाही;
आठ चाकांचं यंत्र, काचेची केबिन, आत हीटर.
हार्त्सच्या डोंगरावर भुंग्यांनी आतून खाल्लेले
स्प्रूस उभ्या उभ्या राखाडी झाले,
ते तो दिवसभर आडवे करतो.
घरी आला की म्हणतो, आता रानात हरवायचं म्हटलं
तरी जमायचं नाही कुणाला.
या टोकाला उभं राहिलं
की त्या टोकाचा पेट्रोलपंप दिसतो.

आणि मी बेकरीत, पहाटे साडेतीनपासून.
भट्टीच्या दाराने मनगटावर ओढलेल्या तीन रेघा
लेव्हिनने पहिल्याच आठवड्यात मोजल्या होत्या,
काही न बोलता.
त्याची आई रोस्टॉकला असते.
एक आड एक शनिवारी न्यायला येते, गाडीतून उतरत नाही.
मी त्याची टोपी सारखी करते
ते काचेतून बघते.

ग्रंथालयातल्या फ्राऊ ओस्टरलो एकदा म्हणाल्या,
जुन्या छापील प्रतीत सावत्र नव्हतीच कुणी.
सख्खी होती. पोटची.
पुढे ते कुणाला सोसलं नाही,
मग एक शब्द चिकटवला,
तो पावणेदोनशे वर्षं निघाला नाही.
म्हणजे खाडाखोड करणारी मी पहिली नव्हे.
हातमोजे चढवताना मनात आलं:
सख्खी असो नाहीतर माझ्यासारखी,
पिठाचा डबा खरवडल्याचा आवाज तोच.
पाव एक, तोंडं चार.
रोज तीनशे पाव भाजते मी,
तरी हा हिशेब मला सुटत नाही.
तिची बाजू घेत नाहीये.
पण रात्री नवऱ्याच्या कानाशी कुजबुजताना
तिच्या स्वतःच्या पोटात काय होतं,
हे लिहायला कुणाला जागा मिळाली नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात तो शाळेत जाऊ लागला
आणि एका मंगळवारी माझं बोट बाजूला सारून
त्याने आपलं ठेवलं.
अडखळत, अक्षर अक्षर चावत:
'सा. व. त्र.'
रेडिएटर टकटकला.
वाटलं, आता वर बघेल.
बघितलं नाही. वाचत राहिला.
रान, चांदण्यातले गारगोटे, साखरेची खिडकी.
भट्टीपाशी जरा रेंगाळला.
शेवटच्या पानावर मुलं घरी पोचली, बाप धावत आला,
आणि मग ती एक ओळ, जी मी नेहमी सोडून द्यायचे:
बाई तर केव्हाच वारली होती.

'कशाने?'
लिहिलेलं नाही.
'कधी?'
तेही नाही.
'मग ती आजारी होती तेव्हा तिथे कोण होतं?'

मी म्हटलं, झोप आता.
मला तीनला उठायचंय.

तीनला उठले. दिवा न लावता
मोजे चाचपत पलंगाखाली पाय सोडला
तर काहीतरी कुरकुरलं.
काल आणलेल्या शिळ्या पावाचा चुरा.
त्याच्या खोलीतून निघालेला,
बाथरूमकडे न वळता
सरळ आमच्या दारातून आत, माझ्या उशीपर्यंत.
उशीपाशी जरा जास्त सांडलेला.
बराच वेळ उभं राहून खाल्ला असावा,
श्वास चालू आहे का
ते ऐकत.

झाडू घेतला.
पुन्हा खुंटीला लावला.
भिंतीच्या कडेकडेने, चुरा चुकवत,
बूट हातात धरून
जिना उतरले.