वजा दोन

सोमवारी डबा परत आला, झाकण तसंच.
मंगळवारी भेंडी होती, तिच्या आवडीची.
बुधवारी मी उघडून पाहिलाच नाही.
हातात घेतला की कळतं.

प्रांजल हे नाव तिच्या आत्यानं ठेवलं,
आणि बारावं लागल्यापासून
पोरगी एक शब्द सरळ सांगत नाही.
काय झालं? काही नाही.
शाळेत काही? काही नाही.
भांडण?
पंख्याकडे बघते.

मी विमाननगरच्या मॉलमध्ये, पार्किंगला.
नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी,
दिवसभर हात हलवत म्हणायचं,
खाली जागा आहे, साहेब, खाली.
घरी येरवड्यात आलो तरी शिट्टी तोंडातच.
अभ्यास. मोबाईल ठेव. सरळ बस.

गुरुवारी तांबोळी बाईंचा फोन.
मी ऐकायच्या आधीच म्हणालो,
मारा बाई, आमची हरकत नाही.
माझ्या बापानं गुरुजींना असंच सांगितलं होतं,
वर चिंचेचा फोकही नेऊन दिला होता.
बाई जरा थांबल्या.
म्हणाल्या, मार्कांचं नाही हो.
मधल्या सुट्टीत ती जिन्याखाली बसते.
रात्री झोप होते का तिची?

एका खोलीत चौघं झोपतो आम्ही.
पाय पसरला तर कुणाच्या तरी अंगाला लागतो.
आणि मला उत्तर आलं नाही.

मंदा पहाटे साडेचारला उठते,
लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांना नावं चिकटवते.
ती म्हणाली, जागी असते पोरगी.
मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.
मला वाटलं, तुला.

सातवी ब. गुडघे बाकात मावेनात.
बाई म्हणाल्या, महेकनं जागा बदलली,
खिडकीकडच्या मुलींमध्ये गेली.
मी म्हणालो, एवढंच?
त्या म्हणाल्या, आपल्यासाठी एवढंच.
रोज दहा मिनिटं तिच्या शेजारी बसा.
विचारायचं काही नाही.
मग करायचं काय?
बसायचं.

बसलो. मांडी आखडली.
ती ऋण संख्यांची गणितं खोडत होती,
वजा दोन अधिक पाच.
मी नववीत शाळा सोडलेला माणूस,
पण वजा दोन मला ठाऊक होतं.
आमच्या खांबांवर पिवळ्या रंगात हेच लिहिलंय.
म्हटलं, मी तिथंच असतो की.
तिथून लिफ्टनं पाच मजले वर गेलीस तर?
तीन.
तिसऱ्यावर काय आहे?
खाण्याची दुकानं.
तुम्ही जाता?
नाही. डबा खालीच खातो.
कुणाबरोबर?

आता नेहमीसारखं काहीतरी ठोकून द्यायचं होतं.
म्हणालो, एकटाच. रामोशीदादा होता, त्याची बदली झाली.
पहिले काही दिवस
घास घशाखाली उतरत नव्हता.

पेन्सिल थांबली.
किती वाजता उघडता?
दीडला.
आमची मधली सुट्टी सव्वाला असते,
एवढंच म्हणाली, आणि पान उलटलं.

हल्ली मी सव्वाला उघडतो.
सुपरवायझर बोलतो, बोलू दे.

बाईंनी तिला ग्रंथपेटीची किल्ली दिली आहे.
पेटी एकटीला उचलत नाही.
कुणाला तरी हाक मारावीच लागते.
पहिल्या दिवशी तिनं ती फरफटत नेली, म्हणे.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी नववारे नावाची एक नवी मुलगी,
औंधहून आलेली, फारसं न बोलणारी,
तिनं दुसरी कडी धरली.
हे मला प्रांजलनं नाही सांगितलं, बाईंनी सांगितलं.
मी विचारलंही नाही.
जीभ चावून बसायला शिकतोय.

शुक्रवारी डबा हातात घेतला,
हलका होता. रिकामा नव्हे.
अर्धी पोळी, भेंडीचे चार तुकडे.
ओट्यापाशी उभ्यानंच खाऊन टाकले.

रात्री ती जागी होती. मीही.
अंधारात म्हणाली, पप्पा, पंखा वाजतोय.
म्हटलं, हो गं.
रविवारी तेल घालू.
स्टूल तू धर.