चौथी

कार्बनच्या कापडाने कात्रीची धार आठवड्यात जाते.
पोलादी सळईवर मी ते गुंडाळते,
केसाइतकंही कमीजास्त नको,
मग भट्टी, मग दोघांनी मिळून सळई खेचून काढणं,
आणि हातात उरते एक पोकळ, काळी, नऊ फुटी काठी.
पोर्ट टाउनसेंडच्या शेडमध्ये तिच्या टोकाला
मी शिशाची वजनं टांगते,
भिंतीवरच्या कागदावर तिचा बाक उतरवून घेते.
सात काठ्या. सात बाक.
सातवीचा इतका देखणा
की ट्यूबलाइटखाली उभी राहून, जेवण विसरून,
मी तो नुसता पाहत राहिले.

भिंतीला वारा नसतो.

किरितिमातीवर वारा पूर्वेकडून येतो
आणि दिवसभर येतच राहतो.
इथे लंडन नावाचं गाव आहे, पोलंड नावाचं आहे,
ओसाड पडलेलं एक पॅरिसही आहे.
बेइया म्हणतो, पॅरिसला मासे चांगले.

गुडघाभर पाणी. खाली पांढरी वाळू.
मला मासा दिसत नाही.
"मासा नको बघूस, सावली बघ.
तो पाण्याचा रंग घेतो, सावली नाही घेत."
आणि लगेच, आवाज न चढवता :
"अकरा वाजता. पन्नास फूट. आत्ता."
(नाकासमोर बारा, हे मला पहिल्या दिवशीच शिकवलेलं.)
मी सातवी उचलते. दोरी मागे जाते, पुढे येते,
आणि कोळंबीच्या वेषातली माझी पिसांची माशी
बोनफिशच्या टाळक्यावर थापकन आदळते.
वाळूचा एक ढग. सावली गेलेली.
"छान आहे काठी," बेइया म्हणतो,
"फक्त घाईची."

वहीच्या पानांना मीठ चिकटलं.
पहिली : वाऱ्यापुढे मान टाकते.
दुसरी : कड्या गंजल्या, तेही तीन दिवसांत.
तिसरी : जवळ गुणी, सत्तर फुटांवर शेपूट घालते.
पाचवी-सहावी : जुळ्या. कोणती कुठली
ते घडवणारीलाही सांगता येईना.
चौथीचं पान कोरं.
टोकाकडे चुकून एक पदर जास्त बसलेली, जड, बेढब,
नळीत जागा होती म्हणून आलेली.

मग रीफच्या कडेला ट्रेव्हली आला,
काळा, दरवाजाएवढा.
सातवीने त्याला धरलं, मी तिला धरलं,
आणि घाबरून मी तिला सरळ उभी केली,
जे मी माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला करू नका म्हणून सांगते.
बंदूक उडावी तसा आवाज.
तीन तुकडे. दोरी समुद्राकडे.
बेइया काही बोलला नाही. पाण्यात वाकून
काळ्या सालपटाचा शेवटचा कपचा मिळेपर्यंत शोधत राहिला.
"इथे पोरं अनवाणी फिरतात."

नंतर त्याने न विचारता चौथी जोडली.
त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच आहे,
दोरी त्या थोटकावरून सरकते.
दोरी मागे गेली. थांबली.
मला वाटलं, पडणार,
आता पडणार.
मग ती आली, वाऱ्याखालून, अगदी पाण्यालगत,
आणि माशी कुठे टेकली ते
मला सावली वळली तेव्हा कळलं.

रीळ किंचाळत असताना त्याने काठी माझ्या हातात दिली.
"धर. तुझीच आहे."

संध्याकाळी त्याची मावशी, नेई तोकाबेती, मासे तळत होती.
बेइयाने विचारलं, विकणार कुठली?
खोटं बोलता आलं असतं.
"सातवी. थोडी दणकट करून.
लोक दुकानात काठी हलवून बघतात,
दुकानात वारा नसतो."
तो हसला, काटा काढण्यासाठी थांबला,
परत हसला.
"मग चौथी इथे राहू दे."

राहू दिली.
परतीच्या नळीत एक जागा रिकामी झाली.
तिच्यात सातवीचे तीन तुकडे ठेवले
आणि त्याच्या मुलीने मूठभर शंख ओतले,
ते पोर्ट टाउनसेंडपर्यंत
खुळखुळत आले.