नाव काढलं

सकाळी सात. क्लाक्सविकच्या बंदरात अजून दिवे,
आणि लिलावघरातून टुम्मासचा फोन:
तक्ता रिकामा आहे. कालचा कॉड गेला कुठे?

मी माझ्या पडद्यावर पाहिलं.
मासे होते. मूळ कोष्टकात, बोटीवार, पेटीवार,
अगदी शेवटच्या हॅडॉकपर्यंत.
फक्त ज्या दृश्यातून टुम्मासची स्प्रेडशीट आत डोकावते
ते दृश्य
डोळे मिटून बसलं होतं.

त्याचं साधन मितभाषी.
'जोडणी अयशस्वी' म्हणतं आणि हात वर करतं.
मग मी सवयीची दारं ठोठावली.
पासवर्ड बरोबर.
ड्रायव्हर जुना, पण तो कालही जुनाच होता.
फायरवॉलला उगाच बोल लावला,
नंतर मनातल्या मनात माफी मागितली.
एका स्तंभाच्या नावात आमचं ते अक्षर आहे
जे आम्ही लिहितो आणि उच्चारत नाही;
परक्या यंत्रांना ते पचत नाही,
म्हणून तासभर त्याच्याच मागे हात धुऊन लागले.
ते बिचारं निर्दोष.

कॉफी गार झाली. धुक्यात एक बोट
भोंगा वाजवून, आपण आहोत, एवढंच सांगत होती.

शेवटी साधन बाजूला ठेवलं,
त्याच खात्यानं, तोच प्रश्न, थेट विचारला.
तेव्हा कुठे लाल ओळ पूर्ण बोलली:
हे दृश्य ज्याच्या नावावर आहे
तो वापरकर्ता अस्तित्वात नाही.

हेइन.
एकोणीस वर्षं इथे. मे महिन्यात निवृत्त.
निरोपाला केक होता, दोन भाषणं होती,
सगळे म्हणाले, यानं बंदराचं नाव काढलं.
आणि काल दुपारी, जुनी खाती साफ करताना,
मी त्याचं नाव काढलं.
एका ओळीचं काम. सुरक्षेसाठी.

टुम्मास, कारखाना, कोपनहेगनचे खरेदीदार,
इतकी वर्षं मासे बघत होते
ते हेइनच्या डोळ्यांनी,
आणि हे हेइनलाही ठाऊक नसावं.

फोन लावला. मागे मेंढ्या, वारा.
"अस्तित्वात नाही?" तो हसला. "थांब, बायकोला सांगतो."
मग जरा वेळानं, "माझं नाव परत घालू नकोस.
तुझंही नको.
एखादं खातं कर, ज्याला पेन्शन नसेल."

तसंच केलं. खातं झालं, पण नाव सुचेना;
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
'दीपगृह' लिहिलं. वाचण्यापुरती परवानगी दिली.
दृश्य त्याच्या स्वाधीन केलं.

नऊ चाळीसला टुम्मास म्हणाला, "आले,"
आणि आभार न मानता फोन ठेवला. लिलाव दहाला होता.

हेइनच्या जुन्या फाइलमध्ये सगळ्यात वर
त्याची एक टीप सापडली:
'हे तात्पुरतं. पुढच्या आठवड्यात नीट करू.'
तारीख सोळा वर्षांपूर्वीची.

ती ओळ मी तशीच ठेवली आहे.